लियांग-सानचा तक्ता

लियांग-सान आमच्याकडे जेवायला आला की आधी खिशातून व्हिनेगरची चपटी बाटली काढून टेबलावर ठेवायचा आणि मगच खुर्ची ओढायचा. तो चीनमधल्या शान्शी प्रांतातला. तिकडची माणसं काळ्या व्हिनेगरशिवाय घास गिळत नाहीत, असं त्याचं म्हणणं. वरणात व्हिनेगर, मटकीच्या उसळीत व्हिनेगर, हे मी चालवून घेतलं. एका पाडव्याला त्याने श्रीखंडात दोन थेंब टाकले तेव्हा मात्र मी ओरडलेच. त्याने शांतपणे चमचा तोंडात घातला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "चाचणी आवश्यक होती. निकाल, नापास." मग वाटी चाटूनपुसून संपवली.

चाचणी हा त्याचा पेशाच होता. कावासाकी शहरातल्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर टेस्टर होता. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. माझ्या सासूबाई हेच काम पुण्यात बसून इतकी वर्षं फुकट करताहेत. पण सासूबाई निदान संध्याकाळी थकतात. हा थकत नसे. नवी किल्ली मिळाली तर दार पंचवीसदा उघडून बंद करून बघणार. लिफ्टमध्ये शिरला की आधी 'उघडा' आणि 'बंद करा' ही दोन्ही बटणं एकदम दाबणार, कारण असं कोणी केलं तर काय होईल याचा बनवणाऱ्याने विचार केलाय का, हे कळायला हवं. त्याच्याबरोबर चौथ्या मजल्यावर पोचायला जिन्यापेक्षा जास्त वेळ लागायचा.

आमची इमारत इथे जपानात, ग्योतोकुला, स्टेशनपासून बारा मिनिटांवर. आम्ही चौथ्या मजल्यावर, तो एकटा दुसऱ्या मजल्यावर. इमारतीच्या रहिवासी समितीची कामं दर वर्षी पाळीपाळीने एकेका घराकडे येतात. त्या वर्षी आमची आणि त्याची पाळी एकदम आली. समितीच्या आजोबांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि आम्हा दोघा परदेशी माणसांना सायकल-तळ दिला. तिथे आम्ही बिघडवण्यासारखं काहीच नव्हतं.

काम असं की प्रत्येक सायकलवर त्या वर्षाच्या रंगाचा स्टिकर आहे का ते बघायचं. नसेल तर हॅंडलला चिठ्ठी बांधायची. महिनाभर चिठ्ठी कोणी काढली नाही तर सायकल बेवारस. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. लियांग-सान पहिल्या रविवारी त्रेचाळीस सायकलींचा तक्ता छापून घेऊन आला. त्यात टायरमधल्या हवेसाठीसुद्धा रकाना होता.

आमचं बोलणं मोडक्या जपानीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत चालायचं. इमारतीतली दुसरी एक मराठी मुलगी मला ताई म्हणते हे त्याने ऐकलं, त्याचा अर्थ विचारून घेतला आणि त्या दिवसापासून मी, इथलं 'जी'सारखं 'सान' लागून, 'ताई-सान' झाले. मी त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. म्हणून इथे लिहिताना त्याला अरे-तुरे करते.

तिसऱ्या रविवारी मी एका निळ्या, गंजलेल्या सायकलीला चिठ्ठी बांधत होते. तो समोर येऊन ताठ उभा राहिला.

"ताई-सान, एक निवेदन आहे. दोन मिनिटं लागतील."

मला वाटलं, हवेच्या रकान्यात माझी काही चूक निघाली.

"मला पुरुष आवडतात. मी गे आहे. निवेदन संपलं."

मला धक्का बसला नाही असं म्हणणार नाही. पुण्यात मी दहा वर्षं शाळेत शिकवलं, वाचनही बरं आहे, अशा प्रसंगी काय बोलावं हे मला नक्की माहीत होतं. पण ऐन वेळी त्यातलं एक अक्षर आठवेना. हातात दोरा तसाच धरून मी म्हणाले, "बरं. मग या निळ्या सायकलीचं काय करायचं?"

मग वही काढून त्याने काहीतरी लिहिलं. वही जरा तिरकी झाली आणि मला दिसलं. वर चिनीत काहीतरी, मग माझं नाव, आणि पुढे आकडा, पंधरा.

"हे काय?"

"गुण. शंभरपैकी."

पंधरा! मी मराठी मध्यमवर्गीय बाई आहे. शंभरपैकी पंधरा गुण मला आयुष्यात कशातही पडलेले नाहीत, अगदी शिवणातसुद्धा नाहीत. मी चिठ्ठी, दोरा सगळं खाली ठेवलं आणि खुलासा मागितला. त्याने तो अगदी इमानदारीत दिला. आपण गे आहोत हे कोणाकोणाला सांगायचं याची त्याने यादी केली होती. प्रत्येकापुढे, त्या माणसाला सांगायची किती भीती वाटते त्याचा आकडा. सगळ्यात सोप्यापासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी वर चढायची. न्हावी पाच गुण, त्याला सांगून झालं होतं. दातांची डॉक्टर दहा गुण, तिलाही झालं होतं, मात्र तेव्हा त्याच्या तोंडात नळी असल्यामुळे ती चाचणी पुन्हा घ्यावी लागणार होती. त्यानंतर मी.

"म्हणजे मी तुला काय म्हणाले असते याचं तुला काहीच वाटत नव्हतं?"

"फार नाही," तो म्हणाला. "आपली तीनच रविवारची ओळख आहे."

यादीच्या शेवटी, शंभर गुणांसमोर, एकच नाव होतं. त्याची आई.

आई शान्शीतल्या एका लहानशा गावात एकटी राहायची. गिरणीच्या भोजनालयात तीस वर्षं काम करून निवृत्त झालेली, गुडघ्याने अधू. वडील तो कॉलेजात असतानाच गेले होते. ती दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची आणि पहिला प्रश्न जेवलास का, दुसरा प्रश्न लग्नाचं काय. आठवड्यातून दोन-तीन स्थळं यायची, मुलीच्या फोटोसकट. प्रत्येक स्थळ नाकारताना आईला कारण द्यावं लागे. पण त्याआधी स्वतःपुरती तो एक नोंद करायचा, ऑफिसात चूक सापडल्यावर करतात तशीच. मला त्याने एक वाचून दाखवली. "अपेक्षित, वर. प्रत्यक्षात, वर उपलब्ध नाही. मुलीत दोष नाही." मी पोट धरून हसले. तोही हसला. आता आठवलं की ते हसू मला टोचतं.

ओळख वाढली तसा तो दर शनिवारी जेवायला येऊ लागला. माझा नवरा त्याच्याशी क्रिकेट बोलायचा, त्याला क्रिकेट कळत नाही हे दोघांनाही चालायचं. आमची सई तेरा वर्षांची, घरात माझ्याशी सुद्धा जपानीत बोलणारी. त्याने एके दिवशी तिलाही निवेदन केलं, गुण आठ. तिने मोबाइलमधून मान वर न करता "हं, माहितीय" म्हटलं. त्याने मला हळूच विचारलं, हा निकाल पास समजायचा की नापास.

आणि मग मी जे केलं ते कोणीही सुज्ञ माणूस करणार नाही; पण आमच्याकडे छत्तीस वर्षांचा, बरा कमावणारा, भांडी घासणारा मुलगा डोळ्यांसमोर एकटा बसलेला कोणाला बघवत नाही. मला वाटलं, मुलगी नको तर नको. मुलगा बघू.

नागोयाला मोटारींच्या कारखान्यात आमच्या ओळखीचे एक प्रभुणे होते. अडतीस वर्षांचे, अविवाहित, घर लख्ख, पुरणपोळी स्वतः करायचे. गणपतीत भेटले तेव्हा मोदकांच्या कळ्या माझ्यापेक्षा सुबक. एवढ्या पुराव्यावर मी निष्कर्ष काढला. प्रभुण्यांना फोन करून म्हटलं, "एक स्थळ आहे. इकडे या, नुसतं भेटा, जबरदस्ती नाही." लियांग-सानला म्हटलं, एक मित्र येणार आहे, शनिवारी जरा बरा शर्ट घाल.

प्रभुणे शिंकान्सेनने, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनने आले. कडक इस्त्री, हातात मिठाईचा खोका. मी पोहे केले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, सगळं रीतसर. लियांग-सानने खिशातून बाटली काढून पोह्यांवर व्हिनेगर शिंपडलं. प्रभुण्यांनी ते बघितलं आणि आपली बशी जरा जवळ ओढली. दहा मिनिटं हवामान झालं, पंधरा मिनिटं ब्रेकची चाचणी झाली. त्यात दोघं इतके रंगले की मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला खूण केली, जमतंय.

एवढ्यात प्रभुण्यांनी घड्याळ बघितलं, आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि मला मराठीत विचारलं, "वहिनी, मुलगी कधी येणार?"

मी लियांग-सानकडे बघितलं, त्यावरून प्रभुण्यांना कळलं. माझा चेहरा आणि त्यांचा चेहरा बघून लियांग-सानलाही कळलं. मराठी यावी लागली नाही.

प्रभुणे भला माणूस. लालबुंद झाले, पण उरलेले पोहे संपवले. निघताना दारात म्हणाले, "मी हे कुठे बोलणार नाही. तुम्हीही मी मुलगी बघायला शिंकान्सेनचं तिकीट काढून आलो होतो हे कुठे बोलू नका." मग लियांग-सानशी हात मिळवला आणि ब्रेकबद्दलचा राहिलेला मुद्दा ई-मेलने पाठवतो म्हणाले. पाठवलाही.

दार लागल्यावर लियांग-सान हसायला लागला. सोफ्यावरून घसरून खाली बसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आणि मग एकदम गप्प झाला. बाटली खिशात टाकून, वाकून नमस्कार करून गेला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्यापुढच्याही नाही. त्याची टपालपेटी भरून वाहू लागली. त्याचं गुपित मी त्याला न विचारता एका परक्या माणसापुढे वाढून ठेवलं होतं, पोह्यांबरोबर. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. शेवटी एका दुपारी मी भाताचं भांडं घेऊन खाली गेले आणि त्याच्यासारखीच घंटी वाजवत राहिले, पंचवीसदा.

त्याने दार उघडलं. दाढी वाढलेली, पडदे ओढलेले, आणि टेबलावर रिकाम्या नूडल्सच्या वाट्यांची रांग, अजूनही आकाराप्रमाणे लावलेली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "तुमच्यामुळे नाही, ताई-सान. बसा. एक निवेदन आहे."

या वेळी दोन मिनिटांत संपलं नाही. तो दीड वर्ष स्टेशनजवळच्या मनोविकारांच्या डॉक्टरकडे जात होता. नैराश्य. गोळ्या चालू होत्या. इथे औषधांच्या दुकानात प्रत्येकाची एक छोटी वही असते, त्यात कुठली गोळी कधी दिली त्याचे स्टिकर लावतात. त्याची वही भरून दुसरी सुरू झाली होती. तो भीतीचा तक्ताही त्याचं टेस्टरचं वेड नव्हतं. डॉक्टरांनी दिलेला घरचा अभ्यास होता. आत्ता दोन आठवडे त्याला अंथरुणातून उठता आलं नव्हतं, ऑफिसातून रजा घेतली होती.

"आणि कारण?" मी विचारलं.

त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. त्यांच्याकडे बागेत दर शनिवारी आईबाप जमतात. मुलामुलींची माहिती कागदावर लिहितात, उघडी छत्री जमिनीवर ठेवून तिला तो कागद चिमट्याने लावतात आणि शेजारी उभे राहतात. कोणी थांबलं, वाचलं, तर बोलणी. फोटोत लाल छत्री होती, तिच्यावर लियांग-सानची उंची, शिक्षण, जपानमधली नोकरी. आणि बाजूला, गुडघ्यावर हात दाबून उभी असलेली त्याची आई.

"सकाळी आठपासून बारापर्यंत उभी असते," तो म्हणाला. "थंडीत पण. ताई-सान, मी सांगितलं नाही तर ती उभीच राहणार."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. मग भात गरम केला.

जरा वेळाने मला राहवेना. "हे, म्हणजे डॉक्टरचं, सांगायला किती गुण होते मला?"

"सत्तर."

"पंधराचे सत्तर कसे झाले?"

"आता शनिवारचं जेवण बंद झालं तर मला चालणार नाही," तो भात खाताखाता म्हणाला. "म्हणून वाढले."

त्याने ठरवलं, वसंतात आईला इकडे बोलवायचं आणि समोरासमोर सांगायचं. डॉक्टर म्हणाले, घाई नको, पण तयारी करा. तयारी म्हटल्यावर त्याच्यात जीव आला. तालमी सुरू झाल्या. आईची भूमिका माझी. मी शाळेच्या स्नेहसंमेलनात कैकेयी केलेली बाई. त्याने वाक्य उच्चारताच मी छाती पिटली, ओढणी फेकली, "यासाठी का तुला वाढवला!" म्हणून जमिनीवर बसले. आतून सई पळत आली.

लियांग-सानने कागद चाळला. "हे माझ्या शक्यतांमध्ये नाही. आई रडत नाही. आई चिडली की भांडी घासते."

"आणि फार चिडली तर?"

"जास्त भांडी घासते."

अशा अकरा तालमी झाल्या. शेवटच्या तीनमध्ये मी नुसती गप्प बसून काल्पनिक पातेली घासत होते.

आई आली. बुटकी, घट्ट, डोळ्यांनी सगळं मोजणारी. सामानात पाच किलो सुकी नूडल्स, व्हिनेगरचे दोन डबे आणि ती लाल छत्री. पावसासाठी आणली, असं लियांग-सानला म्हणाली. आम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पहिल्याच दिवशी तिने माझी कणीक बोटाने दाबून बघितली आणि मान हलवली. टेस्टर कुठून आला ते मला कळलं.

सांगण्यासाठी त्याने जागा निवडली सायकल-तळ. का, तर तिथली चाचणी यशस्वी झाली होती, परिस्थिती बदलायची नाही. मी वर गॅलरीत उभी होते. कपडे वाळत घालण्याचं निमित्त होतं. दोन मोजे मी वीस मिनिटं वाळत घातले. खाली तो ताठ उभा, ओठ हलताना दिसले. आई निळ्या सायकलीजवळ. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. वाकून त्या सायकलीच्या टायरमधली हवा दाबून बघितली. मग वळली आणि जिना चढू लागली, गुडघ्यावर हात ठेवत.

पाच मिनिटांनी माझी घंटी वाजली. दारात ती, मागे पांढराफटक लियांग-सान. त्याच्या घरात तीनच भांडी होती, ती घासून संपली होती.

ती सरळ माझ्या ओट्याशी गेली आणि बाह्या वर केल्या. आधी पातेली झाली. मग डबे. मग तिने माझी लोखंडी कढई उचलली. लग्नातली कढई, तिच्यावर पंधरा वर्षांचा काळा थर. दोन तास ती घासत होती. मी शेजारी उभी राहून पुसत होते. लियांग-सान स्टुलावर बसून दोन्ही हात मांडीखाली घालून बघत होता. मध्येच तिने पाठ न वळवता काहीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं. ती थांबली, वळली, त्याच्याकडे बघून त्यातलाच एक शब्द प्रश्नासारखा म्हणाली आणि पुन्हा दुप्पट जोराने घासू लागली.

"काय म्हणाल्या?" मी पुटपुटले.

"माझ्या आधी किती जणांना सांगितलंस विचारलं. मी म्हटलं, सोळा, पहिला न्हावी." तो स्टुलावरून माझ्याकडे वाकला. "न्हाव्याला आधी सांगितलं याचा तिला राग आलाय."

त्या विषयावर ती बोलली ते एवढंच. उरलेले आठ दिवस नूडल्स केल्या, कपड्यांना इस्त्री केली, आणि माझी चंदेरी झालेली कढई मला परत देऊन गेली. लाल छत्रीही घेऊन गेली. चार महिने दर रविवारी फोन यायचा, जेवलास का एवढाच प्रश्न. लग्नाचा बंद झाला होता, दुसरा कुठला सुरू झाला नव्हता. शनिवारी ती कुठे असते, हे विचारायचं धाडस त्याला होत नव्हतं. डॉक्टरांकडे जाणं चालूच होतं. गोळी अर्ध्यावर आली होती, आणि मध्ये एकदा परत पूर्णही झाली होती.

त्याला नागोयाला मोटारींच्या सॉफ्टवेअरची नोकरी लागली. सामान ट्रकमधून आधीच गेलं होतं. शनिवारी सकाळी तो पाठीवर पिशवी अडकवून निघाला आणि आम्ही शेवटचं म्हणून सायकल-तळावर गेलो. निळी सायकल बेवारस ठरून, रीतसर कागदपत्रं होऊन सईकडे आली होती. तो त्या सायकलीच्या मागच्या कॅरिअरवर बसला होता तेवढ्यात फोन वाजला. आईचा. रविवार नव्हता.

पडद्यावर ती दिसली आणि तिच्या मागे बाग. उघड्या छत्र्यांची रांग, त्यांच्यावर फडफडणारे कागद. लियांग-सानचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. मग तिने फोन जरा वर धरला. ती घडीच्या स्टुलावर बसली होती, सूर्यफुलाच्या बिया खात. लाल छत्री तिच्या डोक्यावर होती, उन्हासाठी. तिच्यावर कागद नव्हता. जुन्या मैत्रिणी भेटतात म्हणून येते, असं ती म्हणाल्याचं त्याने मला सांगितलं. मग ती भराभर आणखी काहीतरी बोलली. लियांग-सानचे कान लाल झाले.

"काय झालं?"

"आई विचारतेय," तो अडखळला, "नागोयाला तो चांगला स्वयंपाक करणारा माणूस आहे ना, पोह्यांना आलेला, मी मागे तिला सांगितलेला, त्याची ताई-सानने नीट चौकशी केली होती का. एकदाच विचारून सोडून दिलं असेल, म्हणते."

तो हसायला लागला. कॅरिअरवरून घसरून खाली बसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, अगदी त्या दिवशीसारखा. मी वाट बघत होते, आता गप्प होईल म्हणून. तो गप्प झाला नाही. फोन तोंडासमोर धरून आईवर ओरडायला लागला, पलीकडून ती ओरडायला लागली. मला एका हाताने टाटा करून तो स्टेशनच्या रस्त्याला लागला. खिशातून बाटलीचं टोक बाहेर आलं होतं. कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघांचं भांडण मला ऐकू येत होतं.